ही अर्जेंटिना कोण?

चहा घ्या आधी. कारण पुढचं ऐकताना तुम्ही हसणार, आणि हसताना चहा सांडला की बोलणी मलाच बसतात. तर सांगतो. फुटबॉलच्या भाकितापायी माझं लग्न मोडायची वेळ आली होती. अहो, खरंच!

साल शहाऐंशी. मी रत्नागिरीत कचेरीत कारकून. वय सव्वीस. हापूसचा हंगाम संपत आलेला आणि मेक्सिकोत वर्ल्ड कप सुरू व्हायचा होता. गावात जो तो क्रिकेटवाला. फुटबॉलचं वेड असलेले आम्ही मोजके मित्र रोज संध्याकाळी मारुती मंदिरापाशी चहाच्या टपरीवर जमायचो आणि जगाचं भवितव्य ठरवायचो. कोण जिंकणार? सगळी टपरी ब्राझीलच्या बाजूने. मी एकटा अर्जेंटिनाचा! आठ वर्षांपूर्वी, कॉलेजात असताना, पेपरात त्यांचा कप उचललेला फोटो पाहिला आणि तिथेच प्रेमात पडलो. मधल्या काळात त्यांनी निराशा केली. पण मी काही हललो नाही.

आणि नेमकं तेव्हाच आईने माझ्यासाठी स्थळ काढलं.

मुलगी वसुधा. वडील बोटीवर, पावसाळ्यानंतर येणारे, त्यामुळे घरात सगळी सत्ता त्यांच्या मोठ्या बहिणीची. म्हणजे वसुधाची आत्या. आत्या नुसत्या खाकरल्या तरी अंगणातली कोंबडी बसायची! एका रविवारी आई आणि मी त्यांच्याकडे गेलो. वसुधा पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली. मी वर बघितलं, ती जरा हसली, आणि खोटं नाही सांगत, मला ऑफसाइडचा नियम आठवेना. दुसरं काय हवं?

पोहे झाल्यावर आईला कलमं दाखवायला सगळ्या बायका परसात गेल्या. पडवीत मी आणि वसुधाचा धाकटा भाऊ सुहास. गप्प बसायचं तरी किती? त्याने विचारलं, "दादा, तुम्ही फुटबॉल बघता का हो?"

बस्स! तहानलेल्याला विहीर दाखवलीन त्याने. मी सुरू झालो. ब्राझील, फ्रान्स, जर्मनी, एकेकाची चिरफाड केली. आत्या तेवढ्यात परसातून परतून स्वयंपाकघरातून आमच्यासाठी कोकम सरबत घेऊन येत होत्या. दाराआड येऊन थबकल्या, आणि त्यांच्या कानावर पडलं ते एवढंच:

"ते सगळं सोड रे सुहास! माझं मन एकीवरच. अर्जेंटिना!"

"अजून?"

"अजून म्हणजे? कॉलेजात होतो तेव्हापासून. मध्ये तिने दगा दिला, तरी मी सोडली नाही."

"पण घरी चालतं हे सगळं?"

"आईला काय कळतंय! एकदा सुरू झालं की आई झोपली रे झोपली, मी हळूच सटकणार. मित्राकडे टीव्ही आहे ना!"

"आणि या वेळी नाही आली तर?"

मी छातीवर हात मारला. "येणार म्हणजे येणार! आणि नाहीच आली, तर आणखी चार वर्षं थांबेन. पण दुसरीकडे बघणार नाही!"

आता तुम्हीच सांगा, दाराआडच्या माणसाने याचा काय अर्थ घ्यावा?

सरबत काही आलं नाही. आत्या आल्या, त्याही रिकाम्या हाताने. आईला म्हणाल्या, "कळवू आम्ही." आई वाटभर खूश. "मुलगी गोड आहे हो. आणि आत्या कशा तुझ्याकडे टक लावून बघत होत्या!"

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून आलो, तर आई ओसरीवर पदर डोळ्याला लावून बसलेली. सकाळी मासळीबाजारात सुरमईचा भाव करताना तिला बातमी कळली होती.

"ही अर्जेंटिना कोण?"

मला हसूच फुटलं. इतकं हसलो, इतकं हसलो की आईला वाटलं, पोरगं निर्लज्ज झालं.

"अगं आई, ती बाई नाही. तो देश आहे!"

"मग ती ती काय करत होतास?"

"टीम आहे ना. ती टीम!"

आईने नाक पुसलं. "देशावर कोणाचं मन जडतं का रे? आणि मी झोपल्यावर सटकणार होतास तो कुठे, देशात?"

बातमीने मग जोर धरला. टपरीवर पोचली तोवर अर्जेंटिना गोव्याची नर्स झाली होती. कचेरीत पोचेपर्यंत आम्ही चर्चमध्ये लग्नही करून मोकळे झालो होतो. आमचे हेडक्लार्क मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "लपवू नका हो. रजा हवी तर मागून घ्या." टपरीवरचे माझे मित्र? खरं सांगायचं सोडून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "बिचारा फार प्रेम करतो हो तिच्यावर!"

आईने खेडहून मामाला बोलावून घेतलं. मामा एसटीतून उतरले ते थेट माझ्यासमोर येऊन बसले. समजूतदार माणूस.

"हे बघ, आमचा विरोध नाही. पोरगी कामाला चांगली असेल, तर बाकीचं बघून घेऊ. नाव तेवढं बदलू. अर्जेंटिनाचं अर्चना करू."

मी शेजारच्या पोराचा शाळेतला नकाशा आणला. दक्षिण अमेरिका उघडली. बोट ठेवून दाखवलं. "मामा, ही बघा अर्जेंटिना!"

मामांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग सुस्कारा सोडून म्हणाले, "एवढ्या लांबची?"

तिकडे वसुधाच्या घरी सुहास कंठशोष करत होता. पण आत्या ऐकतील तर ना! "तू गप! तू त्याच्यातलाच. बोटीवरच्या माणसांचे काय काय प्रकार ऐकलेत मी. त्या बायकांची नावं सगळी अशीच असतात, शेवटी आ लावलेली!"

शेवटी मीच हट्ट धरला, जाऊन समक्ष खुलासा करायचा. मला दुसरी मुलगी बघायचीच नव्हती हो. हसायला येत होतं खरं, पण ती पोह्यांची बशी सारखी डोळ्यांपुढे.

गेलो. आई, मामा आणि मी. मामांच्या काखेत नकाशा. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं, नकाशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. देवासमोरचा नारळ आणून माझ्यापुढे ठेवला.

"देश असो, टीम असो, नाहीतर बाई असो. माझ्या भाचीच्या संसारात तिसरं नाव नको. नारळावर हात ठेवून सांग, अर्जेंटिनाचा नाद सोडला. पुन्हा तिचं नाव घेणार नाही."

"आत्या, अहो वर्ल्ड कप तोंडावर आलाय!" सुहास कळवळून ओरडला. त्या घरात माझं दुःख कळणारा तो एकटाच.

मी दाराकडे पाहिलं. वसुधा उभी होती, ओठ घट्ट मिटून. रडू आवरत होती की हसू, कळायला मार्ग नव्हता. आठ वर्षांचं प्रेम एकीकडे आणि आठ दिवसांपूर्वीची ओळख दुसरीकडे. ठेवला हात नारळावर!

"सोडला नाद. नाव घेणार नाही."

"मग आता मन कुणावर?" आत्यांनी पक्की खात्री करून घ्यायला विचारलं.

त्यांना अपेक्षित उत्तर काय होतं, ते तुम्हाला कळलं. मामांना कळलं. मला मेल्याला नाही कळलं! सवयीने माझ्या तोंडून निघालं, "ब्राझील."

आत्यांचा चेहरा पाहून मी घाईघाईने म्हणालो, "पुरुष आहेत आत्या, सगळे पुरुष!"

आणि तेव्हा वसुधा पहिल्यांदा बोलली. "मग अर्जेंटिना मोकळी झाली ना? ती मी घेते."

"घेते म्हणजे काय गो?" आत्या भडकल्या.

"म्हणजे मी म्हणते, तीच जिंकेल. कोणीतरी हवं ना बिचारीच्या बाजूने."

आधी मामा हसले, मग आई, आणि सगळ्यांत शेवटी, नाइलाज झाल्यासारख्या, आत्या. लग्न ठरलं.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. माझी नवी लाडकी ब्राझील फ्रान्सकडून पेनल्टीवर गेली. आणि कप कुणी नेला? जिच्यासाठी मी सगळ्या टपरीशी भांडलो, शपथ घेऊन मी जिची साथ सोडली, तिनेच! अंतिम सामन्यानंतरच्या सकाळी मला राहवेना. सायकल हाणत वसुधाच्या घरी गेलो आणि अंगणातूनच ओरडलो, "जिंकली! ती जिंकली!"

आत्या तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "कोण ती?"

आली का पंचाईत? नारळावर हात ठेवलेला माणूस मी!

आतून आवाज आला, "माझी हो आत्या, माझी जिंकली!"

आता आत्या नाहीत. मामाही गेले. ती टपरी जाऊन तिथे मोबाइलचं दुकान झालं. सुहास मुंबईला असतो, फोनवर अजून "दादा, तुम्ही नारळावर हात ठेवायला नको होता" म्हणतो. मी अजूनही ते नाव घेत नाही बरं का. आज तुमच्यापुढे घेतलं, कारण ही देवळात गेलीय.

आणि रत्नागिरीत माझी फुटबॉलतज्ज्ञ म्हणून ख्याती आहे की नाही? आहे तर! दर चार वर्षांनी, स्पर्धा जवळ आली की मित्रमंडळी, त्यांची पोरं, आता तर नातवंडंसुद्धा दारात हजर होतात. मी अभ्यास करून बसलेलो असतो. सगळे संघ, सगळे गट तोंडपाठ. घसा साफ करून मी म्हणतो, "या, बसा. या वेळी माझं मत असं आहे की..."

"ते असू दे हो काका. काकू कोण म्हणतायत?"