अडथळा क्रमांक चार

टेउनिस लांखोर्स्ट अडतीस वर्षं कालव्यावरच्या पुलाचा राखणदार होता. बोट आली की घंटा वाजवायची, फाटक लावायचं, पूल उचलायचा आणि दोन्ही बाजूंच्या मोटारवाल्यांच्या शिव्या निमूट ऐकायच्या. १९७१ साली तो निवृत्त झाला, तेव्हा त्याची बायको आल्तये म्हणाली, "आता उरलेल्या आयुष्यात कुणाला अडवू नकोस म्हणजे झालं."

दोघं राहत दोरवाल्यांच्या गल्लीत. गल्ली ऐंशी मीटरांची, आणि फुटपाथ इतका चिंचोळा की समोरून कुणी आलं तर एकानं कुणाच्या तरी घरात शिरावं. बाजाराकडे जायचा जवळचा रस्ता म्हणून अख्ख्या गावाच्या मोटारी तिथून सुसाट सुटायच्या. एका मंगळवारी एका गाडीनं आल्तयेची दारात ठेवलेली बटाट्यांची पिशवी बंपरला अडकवून थेट चर्चपर्यंत नेली. पिशवीच्या जागी कुणाचं पोर असतं तर, या विचारानं टेउनिसची झोप उडाली. सकाळी तो नगरपालिकेत गेला.

तिथला तरुण इंजिनिअर बार्तेल्स फार सज्जन. तक्रारीला आकडा लागतो, तेवढ्या गाड्या मोजून आणा, असं त्यानं सांगितलं. टेउनिसनं जेवणाच्या टेबलाची खुर्ची दाराबाहेर मांडली. फुटपाथवर ती मावेना, म्हणून पुढचे दोन पाय रस्त्यात आले. पहिल्या दिवशी अकराशे बारा गाड्या झाल्या. पण हातात वही घेऊन ताठ बसलेला म्हातारा पाहून लोकांना वाटलं, हा पोलिसांचा माणूस. दहाव्या दिवशी गाड्या भरल्या चारशेतीस, आणि त्याही गोगलगायीच्या चालीनं.

बार्तेल्स स्वतः घड्याळ घेऊन आला. जे दिसेल तेच लिहायचं, हा त्याचा बाणा. महिनाभरात गल्लीचा आराखडा मंजूर झाला. त्यात गाड्यांना अडथळे म्हणून झाडांच्या कुंड्यांचे तीन गोल होते आणि चौथा एक चौकोन. चौकोनाशेजारी लिहिलं होतं : "बसलेला वृद्ध, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा."

मागोमाग पत्र आलं. अडथळा क्रमांक चार लेखी परवानगीशिवाय हलवता, रंगवता किंवा झाकता येणार नाही. छत्री म्हणजे झाकणं होतं का, हे टेउनिसनं विचारून घेतलं. होत होतं. तो भिजत बसू लागला. आयुष्यभर हुकूम पाळलेला माणूस, त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. संडासला जायचं तर तेवढ्याच रुंदीचा बदली माणूस बसवायचा होता. बेकरीवाला आनंदानं बसला, पण तो तेरा सेंटिमीटर जास्त भरला आणि दुधाची गाडी अडकली. तेव्हापासून आल्तयेच बसायची, विणकाम घेऊन.

वसंतात तपासनीस आला. त्यानं टेउनिसच्या गुडघ्यावर टकटक केलं, खांदे हलवून बघितले, "थोडा सैल आहे" असं लिहिलं आणि दोन्ही दंडांना चकाकत्या पट्ट्या बांधून गेला. अडथळ्यानं आपल्याला टोमणा मारला, अशी तक्रार एका मोटारवाल्यानं केली. अडथळे बोलत नाहीत, असं कळवून नगरपालिकेनं ती निकालात काढली.

खरं सांगायचं तर टेउनिस सुखात होता. त्याच्या मागे पोरी दोरीवरच्या उड्या मारू लागल्या होत्या. सहा-सात वर्षांची मुलं एकटी सायकलवर शाळेत जाताना "काका, येतो" म्हणून हात करायची. पुलावर त्याला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

मग आल्तयेच्या बहिणीच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. टेउनिसनं आल्तयेला घेऊन नगरपालिकेत जाऊन दोन दिवसांची रजा मागितली. बार्तेल्सला वाईट वाटलं, पण तो म्हणाला, "काकू, कुंड्या रजेवर जात नाहीत हो."

"कुंडीला मेहुणी नसते, बाळा," आल्तये म्हणाली.

शनिवारी सकाळी तिनं जेवणाचं टेबल उचलायला लावलं आणि भर रस्त्यात मधोमध मांडलं. वाटाण्याचं घट्ट सूप वाढलं. समारंभाला जाता येत नसेल तर इथेच जेवू, आणि रस्त्यातच जेवू, असं तिनं शेजाऱ्यांना सांगितलं. बेकरीवाल्यानं सोफा आणला. कुणी कपाट आणलं. समोरच्या बाईंनी पियानो ढकलत बाहेर काढला. मोटारी आल्या, थबकल्या, मागे फिरल्या. दुपारी बार्तेल्स आला. त्याला खुर्ची आणि सूप दिलं. सूप संपवून तो बराच वेळ इकडेतिकडे बघत राहिला. मग त्यानं खिशातून टेप काढली आणि सोफ्यापासून पियानोपर्यंतचं अंतर घेतलं.

सहा महिन्यांनी गल्ली नव्यानं बांधली गेली. फुटपाथ गेला, सगळीकडे एकसारख्या विटा आल्या. सोफा होता तिथे बाक आला, पियानोच्या जागी लिंडनचं झाड. त्यांतून वळसे घेत मोटारीला माणसाच्या चालीनंच जावं लागे.

आणि टेउनिसला पत्र आलं : अडथळा क्रमांक चार अनावश्यक, गोदामात जमा करावा.

ट्रक घेऊन दोन कामगार आले. कागद पुन्हा पुन्हा वाचून त्यांतला थोरला ओशाळून म्हणाला, "काका, खुर्चीसकट लिहिलंय."

"मग खुर्चीसकट न्या," टेउनिस म्हणाला आणि बसला.

गोदामात त्याला मोडके दिवे आणि सिमेंटचे ठोकळे यांच्यामध्ये ठेवून कॉफी दिली. शेरा पडला : वापरलेला, बऱ्या स्थितीत. तासाभरात आल्तये येऊन धडकली. माल सोडवायला अर्ज लागत होता, आणि अर्जात गरजेचं कारण. तिनं एक कारण लिहिलं, खोडलं, दुसरं लिहिलं, तेही खोडलं. शेवटी तिनं लिहिलं, "सवय."

गोदामवाल्यानं शिक्का मारला.

पुढे बरेच दिवस आठ वाजले की टेउनिसच्या पायात वळवळ सुरू व्हायची. मग तो गल्लीतून चालू लागला. या टोकापासून त्या टोकाला जायला त्याला पाऊण तास लागे, कारण प्रत्येक बाकावर कुणीतरी त्याला थांबवून घेई.