आबांना न पोचवलेला शब्द

चूक माझीच होती. आणि ती मी गेल्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलेली नव्हती — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो.

इंग्रजीत एक शब्द आहे, ‘क्लूड-अप’. एखाद्या गोष्टीची ज्याला आतबाहेरची माहिती असते, त्याला तो लावतात. गप्पांतला शब्द, अर्जात वगैरे कुणी लिहीत नाही. लोणावळ्याच्या हॉटेलात पाहुणे गेली पंचवीस वर्षं मला तो लावतात. मी हसून घेतो. पण पहिल्यांदा ऐकला, तेव्हा तो माझ्यासाठी होता का?

कार्ल्याच्या लेण्यांत तेव्हा आबा माहिती सांगायचे. आमच्याच गावचे, बौद्ध वस्तीतले, चौथी शिकलेले. चैत्यात शिरल्यावर आधी कुणाला बोलू द्यायचे नाहीत. “आदी वर बगा,” म्हणायचे. छताच्या लाकडी कमानी बघून झाल्या, की खांबांवरची दान देणाऱ्यांची नावं दाखवायचे — बोट दगडाला न लावता. मी कॉलेजातला, त्यांचं बोलणं परदेशी पाहुण्यांना इंग्रजीत सांगायचो. त्या सकाळी, तो दगडाचा गारवा, आबांचा घुमणारा आवाज... अजून तसाच आठवतो.

एकदा एका इंग्रज बाईनं आबांचे हात हातात घेतले आणि तो शब्द म्हणाली. मग माझ्याकडे वळली — सांग त्यांना. अर्थ तिच्या चेहऱ्यावरच होता. डिक्शनरी मी नंतर पाहिली.

“काय म्हनली रं बाई?”

आणि मी — मत्सरच तो, दुसरं काय? — म्हणालो, “म्हनती, तुमी लय बोलता, आबा.”

“व्हय का?” ते हसले. “बोलतो खरा.”

दुसऱ्या दिवसापासून आबा खाली पायऱ्यांवर ताक विकायला बसले. कुणी लेण्यांचं विचारलं, की म्हणायचे, “तितं बोर्ड हाय, वाचा.” आणि वर, चैत्यात, त्यांचंच बोलणं मी माझं म्हणून सांगत होतो. “आदी वर बगा” सुद्धा. हॉटेलची नोकरी त्यावरच लागली.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो. आबांना आता ऐकू फार कमी येतं. हळू बोलून पाहिलं. त्यांनी कानामागे हात धरला. मग ओरडूनच सांगावं लागलं — सुनेनं ऐकलं, शेजारचे दारात आले.

“आबा, ती बाई म्हनलीती, ह्या मानसाला हितलं समदं ठावं हाय! लय बोलता, आसं न्हाई म्हनली! मी खोटं सांगितलं! चुकलो, आबा!”