कॉम्प्युटरचं पाइप फिटिंग

चहाचा कप आधी खाली ठेवा बघू. हो, ठेवाच! हा किस्सा ऐकताना आजवर दोघांनी अंगावर चहा सांडून घेतलाय, आणि त्यातली एक माझी सख्खी मेहुणी आहे. मूर्खपणाचा इतका अस्सल, बिनभेसळीचा नमुना तुम्हाला दुसरीकडे मिळायचा नाही. आणि तो नमुना म्हणजे, अर्थातच, मी.

पंच्याऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. चिंचवडला गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत मी मेन्टेनन्सचा सुपरवायझर होतो. लेथ बंद पडलं, शेलारला बोलवा. कॅन्टीनचा नळ गळतोय, शेलारला बोलवा. वर्क्स मॅनेजर बर्वेसाहेबांच्या केबिनमध्ये पाल शिरली, तरी शेलारच! आणि 'हे मला माहीत नाही' असं मी जन्मात कधी कुणाला म्हटलं नाही. तोच तर रोग होता!

तर कंपनीनं कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. आमच्यापैकी कुणीही तोवर कॉम्प्युटर पाहिला नव्हता. जो माणूस तो चालवणार, तो ट्रेनिंगला मुंबईला गेलेला. मग खोली तयार कोण करणार? बर्वेसाहेबांनी मला बोलावलं.

"शेलार, लाखोंची वस्तू आहे. खोलीत धुळीचा कण दिसता कामा नये. हे नीट पार पडलं तर असिस्टंट इंजिनिअरच्या जागेसाठी तुमचं नाव मी स्वतः वर पाठवीन. नाही पडलं तर... ते तुम्हीच समजा."

मी समजलो. घरी जाऊन बायकोलाही समजावलं. तिनं लगेच शेजारणीला समजावलं. म्हणजे आता माघार नाही!

मशीन लावून द्यायला मुंबईहून कर्णिक मॅडम येणार होत्या. काय तयारी हवी ते विचारायला मी ट्रंक कॉल लावला. त्या वेळचा ट्रंक कॉल तुम्हाला आठवतो ना? माणसाच्या आवाजापेक्षा खरखर जास्त. मॅडमनी एसी, धूळ वगैरे सांगितलं. तिथंच मी फोन ठेवला असता तर? पण नाही!

"मॅडम, हे चालतं तरी कसं?" मी विचारलं.

बाई एकदम खुलल्या. "फार साधं आहे हो! ही युनिक्स नावाची सिस्टिम आहे. छोट्या छोट्या वस्तू, प्रत्येकीचं काम एकच. आणि सगळ्या पाइपनं जोडायच्या!"

पाइप! मी खुर्चीत सरसावून बसलो. अहो, पाइप म्हणजे माझं माहेर!

"बोला, बोला. सुरुवातीला काय?"

"सुरुवातीला (खर्रर्र) ...ट लावायचं."

"गेट? बरं. मग?"

"मग फिल्टर. पाहिजे तितके फिल्टर लावा. आणि दोन ठिकाणी पाठवायचं असेल तर मध्ये टी."

"टी! अगदी बरोबर. शेवट कुठं?"

"एक प्रिंटरला, एक तुमच्याकडे ठेवायला."

"लांबी किती धरू?"

"कितीही! तेच तर वैशिष्ट्य आहे!"

"आणि मॅडम, पाइपातून जातं काय?"

खर्रर्र... खट्. फोन कट.

आता मला सांगा, यात माझं चुकलं कुठं? पाइप उघडायचा-बंद करायचा गेट व्हॉल्व्ह, फिल्टर, दोन फाटे काढायचा टी. जगातला कुठलाही मेन्टेनन्सवाला हेच ऐकेल! परत फोन लावून विचारायचं? छे! बाई म्हणाली असती, एवढंही कळत नाही का?

मी आमच्या सोपानमामांना बोलावलं. दापोडीचे, कंपनीतले सगळ्यात जुने फिटर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तंबाखू मळत विचारलं, "सायेब, पर ह्या पायपातनं जानार काय?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"पानी. दुसरं काय आसनार?"

"मामा, विजेच्या वस्तूत पाणी? स्फोट होईल! हे मशीन तापतं म्हणून एसी मागितलाय. म्हणजे पाइपातनं हवा जाणार. कॉम्प्रेसरची हवा!"

मामांनी मान डोलावली. "व्हय, हे पटतंय. मंग काडू का लाइन?"

काढली! मशीन शॉपमधल्या कॉम्प्रेसरच्या लाइनीवरून लोखंडी जीआय पाइप भिंतीत भोक पाडून आत घेतला. आटे पाडून, सांधे गळू नयेत म्हणून सुतळी आणि सफेदा लावून असं फिटिंग केलं की बघत राहावं. दाराशी पितळी गेट व्हॉल्व्ह. मग फिल्टर. मॅडम पाहिजे तितके म्हणाल्या होत्या, म्हणून स्टोअरमध्ये होते तेवढे सगळे फिल्टर! मध्ये टी. एक फाटा प्रिंटरच्या जागेपाशी, दुसरा टेबलापाशी. मशीनच्या पोटात कुठं जोडायचं ते मॅडमच सांगतील, म्हणून टोकं उघडी ठेवली. वर आकाशी रंग, आणि हवा कुठून कुठं जाणार ते दाखवायला पांढरे बाण.

बर्वेसाहेब बघायला आले. पाइपाखाली उभे राहिले. "हे काय?"

"कॉम्प्युटरचा पाइप, साहेब. मॅडमनी सांगितलाय."

साहेबांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग घसा खाकरला. "हां हां. तो तर लागतोच."

बघा! म्हणजे माहीत नसताना मान हलवणारा मी एकटा नव्हतो! दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः पर्चेसच्या लोकांना बाण दाखवून समजावत होते, "माहिती इकडून येते, गाळली जाते, आणि इथं तिची विभागणी होते." भोसरीचा माझा एक दोस्त, त्यांच्याकडेही कॉम्प्युटर यायचा होता, तो तर टेप घेऊन आला आणि मापं लिहून गेला. निघताना म्हणाला, "शेलार, भावा, तू लय पुढं गेलास राव!"

मशीन आलं त्या दिवशी अख्खी कंपनी खोलीच्या दाराशी. कर्णिक मॅडम पंचविशीच्या, चष्मा, सुती साडी. त्यांनी खोकी उघडली, मशीन टेबलावर मांडलं, तारा जोडल्या. त्यांचं सगळं लक्ष त्यातच, वर बघतंय कोण? बर्वेसाहेब पांढऱ्या सफारीत. टेबलावर हळदकुंकवाचं ताट, नारळ, पेढे. मशीनवर पाच बोटं उमटवायला साहेब पुढं झाले, तेव्हा बाईंनी घाईनं त्यावर प्लॅस्टिक ओढलं. "पूजा याच्यावरच करा हं!"

ती बाई देवासारखी धावली, म्हणूनच मी आज तुमच्यासमोर बसलोय.

नारळ फुटला. मॅडम हात चोळत म्हणाल्या, "चला, आता दोन-तीन गोष्टी पाइपनं जोडून दाखवते."

माझी छाती फुगली! "जोडलेलाच आहे, मॅडम! मामा, सोडा!"

"अहो, काय सोडा?" बाई वळल्या.

पण व्हॉल्व्ह नवा, आणि घट्ट. मामांनी दोन्ही हातांनी जोर लावला, तो एकदम फिरला तो पूर्णच!

काय झालं विचारू नका. आधी फुस्स. मग गुळण्या केल्यासारखा आवाज. मग पाइपात साठलेलं गंजाचं, तेलाचं पाणी पिचकारीसारखं सुटलं, थेट सफारीवर! मागून हवा आली. हळदकुंकवाचं ताट उडालं. क्षणात खोली पिवळी, मग लाल, मग काहीच दिसेना. प्रिंटरच्या घडीच्या कागदाचं टोक हवेनं धरलं आणि अख्खा गठ्ठा उलगडत, फडफडत दारातल्या लोकांच्या अंगावर गेला. कुणीतरी ओरडलं, "कॉम्प्युटर सुरू झाला!" आणि टाळ्या पडल्या. हो, टाळ्या!

कर्णिक मॅडम मशीनला मिठी मारून ओरडत होत्या, "बंद करा! बंद करा!"

"फिरंना झालाय!" मामा पलीकडून.

मी धावत शॉपमध्ये जाऊन कॉम्प्रेसरच बंद केला. परत आलो तो सगळे पुतळ्यासारखे उभे. बर्वेसाहेबांच्या भुवया पिवळ्या, मिशा लाल. धुळीचा कण नको होता ना? कण एकही नव्हता. ढीग होते.

मॅडमनी चष्मा पुसला आणि पहिल्यांदा वर पाहिलं. पाइपावरून नजर बाणाबाणानं फिरत माझ्यावर आली. "हे... काय आहे?"

"पाइप," मी म्हणालो. "तुम्हीच सांगितलात. गेट, फिल्टर, टी."

"गेट? मी कॅट म्हटलं होतं!"

"मांजर? मॅडम, मांजर कशाला?"

बाईंनी तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. पण त्या खोक्यावर बसून अशा हसल्या, अशा हसल्या, की डोळ्यांतून पाणी! तशात साहेबांच्या मिशीकडे बघून मामा फिस्सकन हसले. मग दार हसलं, कॉरिडॉर हसला. शेवटी साहेबांनी रुमाल काढून तोंड पुसलं, रुमालाकडे पाहिलं आणि तेही हसले! माझा जीव तेव्हा कुठं भांड्यात पडला.

खोली पुन्हा झाडूनपुसून चकाचक केली. प्लॅस्टिकमुळं मशीनला काहीच झालं नव्हतं. मॅडमनी ते चालू केलं आणि मला शेजारी बसवलं. एक कळ दाबली. पडद्यावर एक उभी रेघ आली. बारीकशी, काडीएवढी.

"हा तुमचा पाइप, शेलारसाहेब."

"एवढासा?"

"एवढासाच. एक प्रोग्रॅम यादी ओततो, त्याचं नाव कॅट. दुसरा ती नीट क्रमानं लावतो, तो फिल्टर, एवढंच त्याचं काम. टी एक प्रत इथं ठेवतो आणि दुसरी पुढं प्रिंटरला पाठवतो. सगळे साधे, छोटे. मोठं काम आलं की मोठा अवाढव्य प्रोग्रॅम लिहीत बसायचं नाही. छोटे जोडायचे."

"म्हणजे फिटिंगच की!"

"फिटिंगच! फक्त सुतळी-सफेदा लागत नाही."

त्यांनी एक ओळ लिहिली, आणि आमच्या स्पेअर पार्टची यादी, जी लावायला दोन कारकून आठवडा घ्यायचे, ती मी डोळा मिटून उघडेपर्यंत क्रमानं लागून प्रिंटरवर खडखडायला लागली. खरं सांगतो, अंगावर काटा आला. तेवढ्यात भोसरीचा दोस्त आठवला आणि मी फोनकडे पळालो. त्याचे आटे पाडून झाले होते!

त्या दिवसापासून मी शहाणा झालो. मनाशी पक्कं ठरवलं, ही कॉम्प्युटरवाली मंडळी बोलतात ते कधी खरं धरायचं नाही. पाइप म्हणाले की रेघ समजायची.

दोनच दिवसांनी मॅडमनी मला बोलावलं. पडद्यावर अक्षरं थरथरत होती. त्या काळजीनं म्हणाल्या, "शेलारसाहेब, एक खड्डा लागेल. चांगला खोल. त्यात मीठ आणि कोळसा घाला."

मी गालातल्या गालात हसलो. आता कोण फसतंय! आरामात खुर्ची ओढली, कळांवरून बोटं फिरवली आणि विचारलं, "मीठ, कोळसा! नावं मात्र छान ठेवता हं तुम्ही लोक. यातली खड्ड्याची कळ कुठली?"

बाईंनी माझा हात कळांवरून उचलून बाजूला ठेवला.

"अहो शेलारसाहेब, खराखुरा खड्डा, विजेच्या अर्थिंगचा! तुम्ही मेन्टेनन्सचे ना? बाहेर जा आणि कुदळ घ्या!"