अश्फाकशी माझं कधीच पटलं नाही

अश्फाक मुकादम गेल्याचं कळलं तेव्हा मी आमच्या कोन गावात माझ्या गोदामासमोर एका ट्रकवाल्याशी भांडत होतो. माझा रेती-खडीचा धंदा आहे, त्यामुळे दिवसातला बराच वेळ भांडण्यातच जातो. आमच्या जुन्या टीमचा मोबाइलवरचा ग्रुप, जो इतकी वर्षं फक्त ईद-दिवाळीच्या शुभेच्छांपुरता जिवंत होता, तो अचानक वाजायला लागला. सकाळी चालायला गेला होता, तलावाच्या कठड्यावर टेकला आणि बसल्या जागी गेला. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. मी मोबाइल खिशात टाकला आणि ट्रकवाल्याशी भांडण पूर्ण केलं. दुपारपर्यंत ग्रुपवर आमचा एक फोटो आला, खाली लिहिलेलं, ‘जोडी तुटली.’ मग शोकसभा झाली. तिथे उठेल तो माझ्याकडे बघून बोलत होता… जिगरी दोस्त, सख्ख्या भावासारखे, वगैरे. मी खुर्चीत बसून ऐकत राहिलो, कारण शोकसभेत उठून ‘खोटं आहे’ म्हणता येत नाही. नंतर या पुरवणीच्या संपादकांचा फोन आला, की तुमच्या मैत्रीवर लिहा. मैत्रीवर लिहिता येणार नाही, कारण ती नव्हती. जे होतं ते लिहितो.

आमची ओळख झाली ती एका फसलेल्या लीगमुळे. आपल्याकडे अमेरिकन फुटबॉल रुजवायचा, क्रिकेटसारखा पैसा त्यात आणायचा, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि एक दिवस कामोठ्याच्या मैदानावर ट्रायल असल्याची पत्रकं वाटली गेली. मी तेव्हा कबड्डी खेळायचो, दिवसा एका कंटेनर यार्डात नोकरी करायचो. कबड्डीवाले, कुस्तीवाले, गोळाफेकवाले, जिममध्ये नुसतेच फुगलेले, असे सगळे आम्ही तिथे गोळा झालो. कुणीही तो लंबगोल चेंडू आधी हातात धरलेला नव्हता. सूटबूट घातलेल्या एका माणसाने माइकवरून सांगितलं की तुम्ही इतिहास घडवायला आला आहात. आमच्या टीमला एका जंगली जनावराचं नाव दिलं. ते जनावर पनवेलच्या आसपास कधी कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि आमच्यातल्या निम्म्यांना ते नाव नीट उच्चारता येत नव्हतं. तरी मी यार्डातली नोकरी सोडली. कारण जर्सीवर मागे माझं आडनाव छापणार होते.

अश्फाक तिथे गॉगल लावून आला होता. पनवेलच्या बाजारात त्याच्या वडिलांचं चपलांचं दुकान, मधली दोन वर्षं तो आखातात, दोह्याला राहून आलेला, त्यामुळे इंग्रजी फाडफाड. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून थेट स्टंपवर फेकायचा म्हणे. त्याने चेंडू हातात घेतला, थोडा फिरवून पाहिला आणि असा फेकला की अमेरिकेहून आणलेला आमचा कोच रॉय तोंडातलं च्युइंगम चावायचा थांबला. त्याला तिथेच क्वार्टरबॅक केलं. म्हणजे ज्याच्या हातात प्रत्येक डाव सुरू होतो तो, टीमचा राजाच म्हणा. मला सेंटर केलं. सेंटर म्हणजे सगळ्यांच्या पुढे, समोरच्या धटिंगणांच्या नाकासमोर वाकून उभा राहतो, चेंडू जमिनीवरून उचलून दोन पायांमधून मागच्या क्वार्टरबॅकच्या हातात देतो आणि त्याच क्षणी समोरच्याला अंगावर घेतो. चेंडू घ्यायला क्वार्टरबॅक त्याच्या मागे अगदी चिकटून, त्याच्या खाली हात धरून उभा असतो. ग्रुपवरचा तो फोटो याच क्षणाचा आहे. त्याला जोडी म्हणा नाहीतर काही म्हणा, तो खेळाचा नियम होता.

पहिल्याच दिवशी कोचने काहीतरी विचारलं आणि मी म्हणालो, “आमी तयार हाय.” अश्फाकने सगळ्यांसमोर माझी नक्कल केली. “आमी तयार हाय, पन चेंडू खय हाय?” सगळे हसले. ‘कुठे’ला ‘खय’ मालवणीत म्हणतात, आमच्याकडे कुणी म्हणतही नाही, पण त्याला तेवढंही माहीत करून घ्यायची गरज वाटली नाही. त्या दिवसापासून तो मला आवडला नाही आणि मी ते लपवलंही नाही. एक्सप्रेसवेजवळच्या एका अर्धवट बांधलेल्या रिसॉर्टमध्ये आमचं शिबिर होतं. तिथे कोचने मुद्दाम आम्हा दोघांना एका खोलीत टाकलं. तो अत्तर लावायचा, आरशासमोर उभा राहून इंग्रजीत मुलाखती द्यायचा, माझा टॉवेल दोरीवर वाकडा दिसला तर सरळ करायचा. कोचचं बोलणं आम्हाला समजावून सांगायचं कामही त्याच्याकडेच आलं. कोच हातवारे करून खूप वेळ बोलायचा, आणि अश्फाक माझ्याकडे बघून सांगायचा, “कोच म्हणतात, नरेश झोपलाय.” कोच खरंच काय म्हणाला होता हे मला कधीच कळलं नाही.

मात्र एक सांगितलं पाहिजे. मैदानावर आमच्यात चेंडू कधी पडला नाही. सरावात नाही, सामन्यात नाही, पावसाने चेंडू साबणासारखा झाला तेव्हाही नाही. खोलीत आम्ही एकमेकांशी ‘दिवा बंद कर’ यापलीकडे बोलत नव्हतो, पण त्याने आवाज दिला की माझा हात आपोआप हलायचा आणि त्याचे हात तिथे असायचे. बाकीच्या टीमचे सेंटर आणि क्वार्टरबॅक गळ्यात गळे घालून फिरायचे आणि मैदानावर चेंडू सांडायचे. कोच रॉय आमच्याकडे बोट दाखवून त्यांच्या कोचना काहीतरी सांगायचा. ते काय, हे अश्फाकने मला अर्थातच सांगितलं नाही.

लीग मात्र सुरुवातीपासून पोकळ होती. सगळे सामने खारघरच्या बाजूला भाड्याने घेतलेल्या एकाच मैदानावर, टीव्हीवर दाखवायला चित्रित करायचे. कॉलेजची पोरं बसमधून आणायचे, त्यांना टोप्या द्यायचे, कधी ओरडायचं ते एक बाई फलक धरून सांगायची. कॅमेरा फिरला की तीच पोरं पळत दुसऱ्या स्टँडमध्ये. पण आमचे मार खरे होते. बरगड्या खऱ्या मोडत होत्या. शेवटी शेवटी अशी बोलणी सुरू झाली की अंतिम सामना बघायला अमेरिकेची माणसं येणार आहेत, आणि काही जणांना तिकडे ट्रायलला नेणार आहेत. कोच रॉयने माझ्या खांद्यावर हात ठेवून माझंही नाव घेतलं होतं. तेवढं इंग्रजी मला कळत होतं.

उपांत्य सामन्यात माझं डोकं समोरच्याच्या डोक्यावर आपटलं. पडलो नाही. पण मान वर केली तेव्हा समोर माणसं दुप्पट होती, आणि पुढच्या डावाला मी आवाजाच्या आधीच चेंडू दिला. अश्फाकने तो धरला. सामना जिंकल्यावर बाकीचे नाचत असताना कपडे बदलायच्या खोलीत त्याने मला भिंतीला टेकवलं.

“आत्ता शेवटचा डाव कुठला खेळलो आपण?”

मी सांगितलं ते चुकलं, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं.

“कोनाला सांगू नको,” मी म्हणालो. पूर्ण मोसमात त्याच्याकडे मी पहिल्यांदा काही मागत होतो. “अख्खं गाव येनार हाय फायनलला. नाय सांगनार ना?”

त्याने मला सोडलं. मग म्हणाला, “नाही सांगत. कसम.”

अंतिम सामन्याच्या सकाळी कोचने मला बोलावलं. अश्फाक शेजारी उभा होता, भाषांतर करायला. कोच हळू आवाजात बोलला, आणि अश्फाक माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, “तुझ्या डोक्याला लागलंय. आज तू बसायचं.”

“कोच म्हनतो का तू म्हनतोस?”

“दोघं.”

कोनहून टेम्पो भरून माणसं आली होती. माझ्या आईने लग्नाला नेसायचं लुगडं नेसलं होतं. फलकवाल्या बाईने न सांगता ओरडणारी त्या मैदानावर तेवढीच माणसं होती, आणि ती माझं नाव घेऊन ओरडत होती, आणि मी ट्रॅकसूट घालून बाकावर बसलो होतो. माझ्या जागी घेतलेल्या पोराचा चेंडू एकदा पडला, दुसऱ्यांदा पडला, मग एकदा अश्फाकच्या डोक्यावरून मागे गेला. तो चेंडूवर झेपावला आणि त्याच्या खांद्यावर समोरची धुडं पडली. त्याला उचलून नेलं. आम्ही हरलो. अमेरिकेची माणसं आली होती की नाही कुणास ठाऊक, आमच्या टीमचं नाव कुणी घेतलं नाही. घरी जाताना आईने विचारलं, “तू का रं नाय उतरलास?” मी पाय मुरगळल्याचं सांगितलं. पुढच्या मोसमाची तारीख विचारायला आम्ही लीगच्या ऑफिसात गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, साहेबलोक गेले, खुर्च्यासुद्धा घेऊन गेले. इतिहास तिथे संपला. अश्फाकने परत कधी चेंडू फेकला नाही, फेकू शकला नाही.

त्या सामन्यानंतर माझ्या उलट्या थांबेनात म्हणून भावाने मला पनवेलला डॉक्टरकडे नेलं. डोक्याचा फोटो काढून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, “बरं झालं खेळला नाहीत. अजून एक फटका कदाचित महागात पडला असता.”

“कदाचित?”

“कदाचितच,” ते म्हणाले. “आम्हाला एवढंच सांगता येतं.”

पण ऐकणाऱ्यांनी तो ‘कदाचित’ गाळून टाकला. आधी भावाने गाळला, मग आईने, मग गावाने. अश्फाकने नरेशला वाचवलं… शोकसभेतही हेच झालं. लोकांना मेलेला माणूस देवदूत लागतो आणि जिवंत माणूस उपकाराखाली दबलेला. मी दबलेला नाही. माझं डोकं फुटायचं असतं तर ते माझं होतं. त्याला सांगायचंच होतं तर आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणायचं होतं, की मी शब्द मोडतोय, काय करायचं ते कर. ते न करता त्याने गुपचूप कोचला गाठलं आणि सकाळी माझ्यासमोर भाषांतर करायला उभा राहिला. हे मी तेव्हा माफ केलं नाही. तो गेला म्हणून आता करीन असंही नाही.

त्यानंतर आमचं खरं बोलणं एकदाच झालं. मी उरणला एका साखरपुड्याला गेलो होतो, तिथून मुंबईला जायचं म्हणून मोऱ्याच्या बंदरावर लाँच पकडली. सुटता सुटता अश्फाक चढला. त्याचे नातेवाईक आहेत उरणला. लाँच भरलेली, माझ्या शेजारची जागा तेवढी रिकामी. पाण्यातून उतरून जाता येत नाही, त्यामुळे बसला.

“डोकं कसं आहे?” त्याने विचारलं.

“माझं डोकं माझ्याजवळ हाय.”

“मी माफी मागणार नाही, नरेश.”

“मागू नको. मी देनारबी नाय.”

तो हसला. मग हसू ओसरलं तसा म्हणाला, “लोक म्हणतात मी तुझ्यासाठी केलं. तसं काही नाही. पुढचा फटका बसला असता तेव्हा माझे हात तुझ्याखाली असते. तू माझ्या हातांवर पडला असतास. ते मला नको होतं… बस, एवढंच.”

“मग शब्द कशाला दिलास?”

“तू गप्प बसावंस म्हणून.”

हे मात्र मला पटलं. कारण अश्फाक दुसऱ्या कुणासाठी काही करणारा माणूस नव्हताच. जे केलं ते स्वतःला सहन होणार नाही म्हणून केलं, आणि त्यापायी स्वतःचा खांदा घालवला. आपण दुसऱ्या सेंटरबरोबर हरणार हे त्याला माहीत होतं का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात मुंबईचा धक्का आला, माणसं उठली आणि तो माझ्याआधी उतरून गेला. मागे वळून पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही.

दफनाला मी गेलो होतो, सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. काही आठवड्यांनी माझी बायको म्हणाली की घरी जाऊन यायला हवं, माणसं काय म्हणतील. गेलो. त्याची बायको शाहीनभाभी, त्यांना मी याआधी कधी भेटलो नव्हतो. त्यांनी चहा दिला, समोर बसल्या. मला वाटलं, आता ह्यासुद्धा दोस्तीचं काहीतरी बोलणार. मी कप खाली ठेवून तयारीतच बसलो.

“भाईजान, खरं सांगू?” त्या म्हणाल्या. “ते तुमच्याबद्दल कधी चांगलं बोलले नाहीत. तुमची गाडी समोरून गेली की म्हणायचे, गेला बघ बैल.”

मी हसलो. त्याही हसल्या, आणि मग हसता हसता रडल्या. तो गेल्यापासून ज्यांनी ज्यांनी माझ्याशी त्याच्याबद्दल बोलणं काढलं, त्यातलं खरं वाटलेलं हे पहिलं वाक्य. मला बरं वाटलं.

वडिलांच्या पश्चात अश्फाकने चपलांचं दुकान बंद करून त्याच जागेत खेळाच्या सामानाचं दुकान काढलं होतं. आता ते त्याचा मेव्हणा चालवतो. माझी बँक त्याच रस्त्यावर आहे. दुकान उघडल्यापासून मी बँकेत जाताना दुकानाच्या अलीकडे रस्ता ओलांडायचो, पलीकडच्या फुटपाथवरून पुढे जायचो आणि दुकान मागे पडलं की पुन्हा इकडे यायचो. त्या रस्त्याला वाहनं फार, दोन्ही वेळा खोळंबायला लागतं. काल बँकेत काम होतं. दुकानाच्या अलीकडे माझे पाय थांबले. रिक्षा, बस, टेम्पो जाऊ दिले आणि मी नेहमीसारखा पलीकडच्या फुटपाथवर गेलो.