‘बरी’ लिहिलेल्या फायली

दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये फायली आणि किस्से सारख्याच वेगाने साचतात. फायली आता कॉम्प्युटरमध्ये गेल्या, वानखडे काका रिटायर झाले. किस्से तेवढे माझ्याकडे राहिले.

*

मी नववीतून शाळा सोडलेला, पण टायपिंग चांगलं. डॉक्टर मॅडमनी काम दिलं. थायरॉईड कॅन्सरच्या जुन्या पेशंटांची माहिती कॉम्प्युटरला द्यायची. त्यावरून तो शिकणार आणि नव्या पेशंटचा कॅन्सर पसरेल का, याचा अंदाज सांगणार.

रेकॉर्ड सांभाळणारे वानखडे काका म्हणाले, "म्हणजे कुंडलीवालाच बसवून राह्यल्या तुम्ही!"

मॅडम म्हणाल्या, "काका, कुंडलीवाला चूक कबूल करतो का? हा करतो!"

*

पहिल्या चाचणीत कॉम्प्युटर म्हणाला, लांबच्या मुकुटबनकडच्या कुणाचाच कॅन्सर पसरत नाही. शहरातल्यांचा मात्र पसरतो!

मॅडम चक्रावल्या. "तिकडच्या पाण्यात औषध आहे का रे?"

कारण मला माहीत होतं, पण बोलायची लाज वाटे. दोन दिवसांनी त्यांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. 'जे पेशंट यायचे थांबतात, त्यांच्या फायलीवर काका बरा किंवा बरी लिहितात. लांबचे लोक लवकर थांबतात.'

मॅडमनी विचारलं तेव्हा काका खाली पाहत म्हणाले, "वाईट कायले लिहू मॅडम कोणाचं?"

*

मग अशा सगळ्यांना फोन लावायचं ठरलं. लावणार कोण? मी! नंबर फिरवण्याआधी वाक्य कागदावर लिहून घ्यायचो.

बोरी अरबच्या एका आजोबांना म्हटलं, "दवाखान्यातून बोलतो. तब्येत कशी आहे तुमची?"

पलीकडे रेडिओ बंद झाला. मग, "रिपोर्ट आता आला का बाप्पा?"

*

पांढरकवड्याचा ट्रक ड्रायव्हर म्हणाला, "गळा एकदम फर्स्ट क्लास! कंबरेचं कोणतं मशीन असन तर सांगा भाऊ."

*

दुरुस्त माहिती दिल्यावर कॉम्प्युटरने सगळ्यात जास्त धोका दाखवला तो मुकुटबनच्या कमलबाईंना. फायलीवर काकांच्या अक्षरात 'बरी'. फोन बंद.

त्या दिवशी काकांनी डबा उघडलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत मला ओढून बसवलं. रस्ताभर एकच, "जिवंत असन ना रे पोट्या?"

कमलबाई शेतात कापूस वेचत होत्या. काका बांधावरच थबकले. शेवटी मीच विचारलं, "बाई, गळ्यात गाठ आहे का?"

त्यांनी पदर बाजूला केला. "दोन झाल्या. तुम्ही बलावलं नाही, मले वाटलं काळजीचं काही नसन."

"चला," काका म्हणाले. "मॅडम थांबल्या हायेत. चारची गाडी हाय."

"आज? अन् एवढी पराटी फुटली, कापूस कोण वेचन?"

काकांनी बांधावरची कापूस भरायची ओटी उचलली, पँटवर कमरेला बांधली आणि कापसात उतरले. "पोट्या, तू तिकडून लाग!"

चारच्या गाडीत कमलबाई खिडकीशी बसल्या. गाव मागे पडलं तशा काकांकडे वळल्या.

"भाऊ, अर्धा तं कचराच वेचला तुम्ही!"