चौथ्या खंडातली सोळा पानं

ग्रंथालयात सगळे त्यांना चिकटताई म्हणत. हातांना कायम लागलेल्या, पुठ्ठे चिकटवायच्या खळीमुळे की स्वभावामुळे, हे म्हणणारे सांगत नसत. जिन्याखालच्या खोलीत त्या सव्वीस वर्षं फाटकी पुस्तकं बांधत होत्या. पुठ्ठे, दाभण, पक्का दोरा, पुस्तक दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा आणि एक डुगडुगतं स्टूल, एवढा त्यांचा पसारा. वाचकांबद्दल त्यांचं मत अगदीच वाईट होतं. पुस्तक कुठे फाटतं त्यावरून माणूस कळतो असं त्या म्हणत, आणि त्यांना कळलेली बहुतेक माणसं पन्नासाव्या पानापुढे गेलेली नव्हती.

सगळ्यात जास्त हाल झाले होते ते सात खंडांच्या एका अद्भुत कादंबरीचे. वाऱ्यावर हुकूम चालवणारी राणी, तिचा आंधळा सेनापती, बोलणारे डोंगर. चिकटताईंनी ते सातही खंड बांधता बांधता दोनदा वाचले होते. मग त्या गोष्टीची टीव्हीवर मालिका आली, आणि ज्याला तोंड होतं तो बोलू लागला.

"राणीचं नाक पुस्तकात सरळ आहे."

"डोंगर फार रेंगाळत बोलतात हो. मी दुप्पट वेगाने बघतो."

"मी अजून बघितली नाही, पण मला नाही आवडली."

चिकटताई जिन्याखाली बसून हे ऐकत आणि दाभण जरा जास्तच जोराने खुपसत.

घरी त्या ही मालिका अक्काबरोबर बघत. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, निवृत्त नर्स. कादंबरी तिने हातातही धरली नव्हती. मालिका सुरू झाली की ती चष्मा पुसून सरसावून बसे, आणि शेजारी चिकटताई दर दोन मिनिटांनी नाक मुरडत.

"तंबू आहे की सर्कस?"

"मग बघतेस कशाला?"

"नावं ठेवायची तर बघायला नको?"

सहाव्या भागात सेनापतीची म्हातारी आई छावणीत येते. तो जखमी होऊन झोपलेला असतो. ती त्याला उठवत नाही. उशाशी बसून त्याचा फाटका झगा शिवते आणि निघून जाते. सकाळी तो आंधळा टाक्यांवरून बोटं फिरवतो आणि कोण येऊन गेलं ते त्याला कळतं. अक्का हुंदके देऊन रडली. चिकटताईंनी मात्र त्या दिवशी एकदाही नाक मुरडलं नाही.

पुढच्या शनिवारी ग्रंथपालबाईंनी दुपारी वाचनकक्षात प्रेक्षकांची चर्चा ठेवली. खुर्च्या मांडायचं काम चिकटताईंकडे आलं. अक्काही हौसेने येऊन दुसऱ्या रांगेत बसली. सगळ्यात पुढे होते मुळातसाहेब. हे करसल्लागार. प्रत्येक वाक्य 'मुळात'पासून सुरू करायचे म्हणून हे नाव पडलेलं. सातही खंड आपल्याला तोंडपाठ आहेत, असं ते न विचारता सांगत.

तासभर राणीच्या नाकावर गेला. मग अक्का उठली आणि भीत भीत म्हणाली, "मला ती आई फार आवडली. शिवून जाते ती."

मुळातसाहेब हसले. "मुळात ही आई पुस्तकात नाहीच! टीव्हीवाल्यांनी घुसडलीय, तुमच्यासारख्यांना रडवायला. पुस्तक वाचलं असतंत तर कळलं असतं."

चार माणसं खी खी करून हसली. अक्का खाली बसली आणि पर्समध्ये उगाच काहीतरी शोधू लागली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या खोलीत फक्त चिकटताईंना माहीत होती. अकरा वर्षांपूर्वी चौथा खंड नव्याने बांधताना सोळा पानांची एक घडी शिकंज्यामागे पडून राहिली. सापडली तोवर पुस्तक वाचकाच्या घरी गेलं होतं. चूक कबूल करायची लाज वाटली, म्हणून त्यांनी घडी खणात ठेवली. पहिली तक्रार आली की शिवून टाकू, असं ठरवलं. तक्रार आलीच नाही. पहिलं वर्ष त्यांनी धास्तीत काढलं. पुढे त्यांना गंमत वाटू लागली, आणि मग एकेका वाचकाची कीव. कीव करता करता आपली चूक त्या विसरूनही गेल्या.

त्या जिन्याखाली गेल्या, येताना कपाटातला चौथा खंडही घेतला आणि घडी मुळातसाहेबांसमोर टेबलावर ठेवली.

"पान दोनशे नऊ ते दोनशे चोवीस. ही बघा आई. बांधताना माझ्या हातून राहिली. चूक माझी."

ग्रंथपालबाईंच्या भुवया चढल्या. मुळातसाहेब म्हणाले, "माझी प्रत वेगळी असेल."

"तुम्ही हीच प्रत नेलीत. तीनदा. कार्डावर सही आहे तुमची." चिकटताईंनी चौथा खंड उघडून पुढे सरकवला. "दोनशे आठव्या पानावर सेनापती मरायला टेकलाय. समोरच पान दोनशे पंचवीस, आणि हा घोड्यावर बसून पूल ओलांडतोय. मधे काय झालं, असं एकदाही नाही वाटलं तुम्हाला?"

मुळातसाहेबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"मला वाटलं, लेखकाची शैली आहे."

मघाशी त्यांच्या बाजूने हसलेली चार माणसं आता त्यांच्यावर हसली. तितकीच मोठ्याने. चिकटताईंनी त्यांच्याकडेही एक नजर टाकली. त्यातल्या दोघांच्या सह्या त्याच कार्डावर होत्या.

ग्रंथपालबाईंनी सोमवारी लेखी खुलासा मागितला. चिकटताईंनी चार ओळींत दिला, कारणाच्या जागी 'लाज' एवढंच लिहिलं. शनिवारी घरी मात्र त्या विजयी मुद्रेने गेल्या होत्या. अक्काने पाण्याचा पेला हातात दिला आणि विचारलं, "त्या माणसाला वाचता येत नाही, ते कळलं. तू अकरा वर्षं काय करत होतीस?"

"हसत होते."

"कोणाला?"

चिकटताईंनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. मग पिशवीतून सोळा पानं काढून म्हणाल्या, "सोमवारी शिवून टाकते. त्याआधी तू वाच."

अक्काने खिडकीपाशी बसून वाचायला घेतलं. सावकाश, ओठ हलवत, एकेका ओळीखाली बोट ठेवून. एकही शब्द तिने सोडला नाही. संपल्यावर पानं नीट जुळवून परत दिली.

"छान आहे. पण टीव्हीत जास्त चांगलं आहे."

"जास्त चांगलं?" चिकटताई ताडकन उभ्या राहिल्या. "अगं, त्या टीव्हीतल्या बाईला सुई धरता येत नव्हती! झग्याला कोणी असा टाका घालतं?" आणि घरातला सुईदोरा काढून, अक्काच्याच शालीच्या काठावर, खरा टाका कसा असतो ते त्या दाखवायला बसल्या.