आठवड्याला सहा गुरुवार

शाळेत रद्दी साचते, तिला निदान गिऱ्हाईक येतं. किस्से साचतात, त्यांना कोणी विचारत नाही. मग आमच्यासारखे मास्तर ते लग्नाच्या पंगतीत, दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या बसल्या, फुकट वाटत सुटतात. मी नारायण पेठेतल्या एका मराठी प्राथमिक शाळेचा चित्रकलेचा मास्तर, सोनटक्के. त्यात या जूनपासून मुलांच्या आनंदाचं खातं माझ्याकडे आलंय. आता तुम्हीच सांगा, किस्से साचणार नाहीत तर काय होणार!

त्याचं असं झालं, आमच्या मुख्याध्यापिका दातार बाई एक दिवसाच्या ट्रेनिंगला गेल्या. विषय, कलेतून मुलांचं मानसिक आरोग्य. जाताना चांगल्या होत्या, येताना भारावून आल्या. दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सर, दर गुरुवारी तिसरीचा शेवटचा तास मन मोकळं करण्याचा. माती, रंग, नाटुकली, काय हवं ते करा. मार्क नाहीत, परीक्षा नाही."

"पण मीच का?" मी विचारलं. मला हसताना शाळेत फारसं कोणी पाहिलेलं नाही.

"बाकी सगळ्यांचा पोर्शन मागे आहे," बाई म्हणाल्या.

"आणि मन मोकळं नाही झालं तर?"

"दिवाळीपर्यंत रिझल्ट दिसला पाहिजे. नाहीतर तो तास गणिताला जाईल. संस्थेच्या चिटणीसांनी या अटीवरच परवानगी दिलीय."

पहिल्या गुरुवारी बाईंनी स्वतः स्पीकरवरून उद्घाटन केलं. "मुलांनो, हा तास तुमचा आहे! मोकळे व्हा! मनात येईल ते करा!" मुलांनी आनंदानं एकच गिल्ला केला. लगेच स्पीकर पुन्हा खरखरला.

"शांत! आवाज आला तर तास बंद! गप्प बसून मोकळे व्हा!"

*

तिसरीत झोया बागवान नावाची मुलगी आहे. रोज सकाळी शाळेला निघताना तिचं पोट दुखायचं. नाटक नव्हे हो, पोरीचा चेहरा पांढरा पडायचा. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, पोटात काही निघालं नाही. आठवड्यातले निम्मे दिवस ती घरीच असायची आणि आली तरी मान खाली.

तिचे वडील रफिकभाई यांचा मार्केट यार्डात फळांचा गाळा आहे. पहाटेपासून ओरडून आवाज बसलेला, तशा बसलेल्या आवाजातच एका दुपारी ते मला भेटायला आले.

"सर, गुरुवारी काय असतं शाळेत?"

"का हो?"

"गुरुवारी तिचं पोट दुखत नाही. बूट घालून दारात उभी असते. उलट मलाच म्हणते, अब्बा चला, उशीर होतोय."

मी त्यांना आमच्या तासाचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, सौदा पटल्यासारखी मान हलवली.

"मग सर, आठवड्याला सहा गुरुवार करता येतील का बघा ना!"

मी म्हटलं, "रफिकभाई, आहे तो एक दिवाळीनंतर टिकला तरी मिळवली." ते हसले नाहीत. घरी जाताना मलाही हसू येईना. तो तास गणिताला गेला, की या पोरीचा शाळेत यायचा एकुलता एक खात्रीचा दिवस जाणार होता.

*

एका गुरुवारी मी फळ्यावर लिहिलं, 'राग कसा दिसतो?' कोणी ज्वालामुखी काढला, कोणी डब्यातली दोडक्याची भाजी, एकीनं धाकटा भाऊ. पहिल्या बाकावरच्या अर्णवनं मला काढलं. चष्मा, कपाळावरची आठी, खिशातलं पेन, सगळं जिथल्या तिथे!

माझं इतकं हुबेहूब चित्र आजवर कोणी काढलेलं नाही. कलाशिक्षक म्हणून अभिमान वाटला, माणूस म्हणून जरा लागलं. तरी तज्ज्ञाच्या आवाजात म्हटलं, "नाक थोडं मोठं झालंय रे."

त्यानं वर बघून माझं नाक नीट निरखलं.

"नाही सर. लहानच काढलंय."

*

ओवीच्या आई आयटीत आहेत. वारज्याहून मुद्दाम मुलीला पेठेतल्या मराठी शाळेत धाडतात, याचं मला खरंच कौतुक आहे. पालकसभेत त्यांनी मला गाठलं.

"सर, ओवीचं क्लेचं काम कसं चाललंय? म्हणजे बाकीच्यांच्या कम्पॅरिझनमध्ये?"

"अहो, यात तुलना नाही. मुलं फक्त रिलॅक्स होतात."

"ते कळलं. पण ती रिलॅक्स होण्यात मागे नाही ना पडत?"

"थोडी मागे आहे," मी म्हटलं. गंमत म्हणून! पेठेतली गंमत वारज्यापर्यंत पोचेस्तोवर गार होते, हे लक्षात आलं नाही.

पुढच्या गुरुवारी ओवी मलूल. मातीला हात लावीना. म्हटलं, "काय गं, दमलीस?"

"सर, आईनं मला क्लेचा क्लास लावलाय. सोमवार, बुधवार, शुक्रवार. गुरुवारी नीट रिलॅक्स होता यावं म्हणून."

*

मग आम्ही मूड-चार्ट केला. भिंतीवर चार चेहरे, आनंदी, दुःखी, घाबरलेला आणि रागावलेला. मुलांनी वर्गात आल्यावर आपल्या नावाचं कार्ड ज्याच्या त्याच्या चेहऱ्याखाली लावायचं. झोयाचं कार्ड पहिले काही आठवडे घाबरलेल्याखालीच असायचं. पण लावायची ती स्वतः, आणि मला तेवढंही पुष्कळ वाटायचं.

एकदा बाई राउंडला आल्या. चार्ट बघून खूश झाल्या, कौतुकानं एकेक नाव वाचू लागल्या. वाचता वाचता थांबल्या. रागावलेल्या चेहऱ्याखाली सुबक अक्षरात कार्ड होतं, 'दातार बाई'.

"कोणी लावलं हे?" सगळ्या माना खाली. "कोणी लावलं विचारतेय! मला राग आलाय असं कोण म्हणतं? एकेकाला उभं करीन! मी अजिबात रागावलेली नाही!!"

कार्ड कोणी काढलं नाही. काढायची गरजच उरली नव्हती.

*

गणिताचे जगताप सर वारज्यापलीकडच्या गावचे. गावाच्या सोसायट्या झाल्या, सरांची बोली तेवढी जशीच्या तशी राहिली. या तासावर त्यांचा डोळा होता आणि ते लपवायचेही नाहीत. दर गुरुवारी दारात उभे राहून म्हणायचे, "सोनटक्के सर, तास आमचा हाय बरं का. तुमच्याकडं उसना दिलाय!"

एका गुरुवारी मी सांगितलं होतं, ज्याची भीती वाटते ते मातीचं करा आणि मग खुशाल मोडा. कुत्री झाली, इंजेक्शनं झाली. अर्णवनं जगताप सर केले, मिशांसकट. मोडायला मूठ उगारली आणि बघतो तर दारात खरे जगताप सर!

पोरगं थिजलं. मूठ तशीच वर. "सर... मोडू?"

जगताप सर आत आले. वाकून, मान तिरकी करून स्वतःला न्याहाळलं.

"मोड की. पर आधी डावी मिशी नीट बसव. असला मानूस मोडून काय उपेग!"

त्यानं मिशी नीट केली, मोडायचं राहूनच गेलं. पुढच्या गणिताच्या तासाला अर्णव आपणहून फळ्यापाशी गेला म्हणतात. जगताप सरांनी ही गोष्ट मला सांगितली खरी, पण तासावरचा हक्क काही सोडला नाही.

झोयानं त्या दिवशी एक नुसताच गोल गोळा केला होता. मी काही विचारलं नाही, तिनंच सांगितलं, "हे पोट आहे." मोडलं मात्र नाही. ओल्या रुमालात गुंडाळून घरी नेलं, आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शाळेत आली! मी धावत बाईंकडे गेलो. बाई म्हणाल्या, "सर, एका शुक्रवारला रिझल्ट म्हणत नाहीत."

*

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या गुरुवारी संस्थेचे चिटणीस अण्णासाहेब स्वतः आले. पांढरा शर्ट, हातात छत्री, चेहऱ्यावर कुठलाही मूड नाही. मागे दातार बाई, आणि दाराबाहेर गणिताची पुस्तकं घेऊन जगताप सर.

"मुलांनो, या तासाला आनंद होतो का?" बाईंनी विचारलं.

"होऽऽऽ!"

"कोरसमध्ये मीसुद्धा हो म्हणेन," अण्णासाहेब म्हणाले, आणि सतरंजीवरून वाट काढत नेमके झोयापाशी थांबले. "तू सांग. हा तास बंद करून गणित ठेवलं तर चालेल?"

ते प्रश्न कसे विचारतात हे सगळ्या शाळेला माहीत आहे. भलेभले 'चालेल' म्हणून मोकळे होतात. झोयाची मान खाली गेली, आता ही पोट धरते की काय, असं मला वाटलं. मग तिनं हळूच वर पाहिलं.

"तुमचं काय दुखतंय?" तिनं विचारलं.

"माझं? कुठे काय. का गं?"

"मग इथे कशाला आलात?"

दातार बाईंनी डोळे मिटून घेतले. अण्णासाहेब छत्रीच्या मुठीकडे बघत राहिले. झोया थोडी सरकली, शेजारी जागा केली आणि मातीचा एक गोळा त्यांच्यापुढे ठेवला. "बोलायचं नसेल तर करून दाखवा. चालतं."

अण्णासाहेबांनी छत्री बाजूला ठेवली. गुडघ्यावर हात टेकत, हळूहळू, ते सतरंजीवर बसले. आधी नुसतीच माती मळत राहिले. मग त्या जाड बोटांखाली काहीतरी आकार घ्यायला लागलं. मी लांबूनच पाहिलं. तान्ह्या मुलाची असते ना, तेवढीशी चप्पल. पट्ट्यासकट.

घंटा झाली. मुलांनी दप्तरं उचलली, पण बाहेर कोणी गेलं नाही. बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "अण्णासाहेब, तास संपला. काय ठरवायचं? जगताप सर केव्हाचे थांबलेत."

अण्णासाहेबांनी मान वर केली नाही. उत्तर दिलं ते झोयानं.

"बाई, थांबा ना जरा. त्यांची एकच झालीय."